स्प्रिंग ट्रेनिंग कसं बघायचं : ऑपरेशननंतर परतणाऱ्या पिचरच्या मागावर

फेब्रुवारी अर्धा सरला की बेसबॉल बघणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो : "तो टाकायला लागला का?" 'तो' म्हणजे आपल्या टीमचा पिचर, बॅटरला चेंडू टाकणारा, क्रिकेटमधल्या बोलरसारखा. त्याच्या कोपराचं किंवा खांद्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि मागचा अख्खा सीझन त्याच्याविना गेलेला असतो. अशा पिचरची पहिली मॅच बहुतेक वेळा स्प्रिंग ट्रेनिंगमध्येच, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचमध्येच, होते. नोकरीनिमित्त फिनिक्स, चँडलर किंवा टॅम्पाच्या बाजूला नव्याने आलेले आपले लोक हौसेने तिकीट काढून ती बघायला जातात आणि गोंधळून परततात. ज्याच्यासाठी गेलो तो एक इनिंग (तीन आउट होईपर्यंतचा डाव) टाकून गायब होतो. मग ९४ नंबरचा कोणी मुलगा येतो, त्याच्या पाठीवर नावही नसतं. नऊ इनिंग झाल्या की ४-४ अशा बरोबरीत सगळे हात मिळवून घरी जातात.

यात चुकीचं काहीच नसतं, बघायचं काय ते मात्र ठाऊक हवं. मी ॲरिझोनात राहतो, मार्चमध्ये जमेल तेव्हा मैदान गाठतो, आणि परतणाऱ्या पिचरची वाटचाल बघण्याइतकं या खेळात मला दुसरं काही आवडत नाही. या मॅचमध्ये निकाल दुय्यम असतो. पिचरच्या हातावर आज किती भार टाकला, तो त्याने कसा पेलला, आणि पाच दिवसांनी त्याहून थोडा जास्त पेलला का, याकडे लक्ष ठेवायचं.

१. आधी कॅलेंडर आणि नकाशा

मेजर लीगच्या (एमएलबी, अमेरिकेतली सर्वात वरची बेसबॉल लीग) ३० टीम दोन राज्यांत निम्म्या-निम्म्या वाटलेल्या आहेत. ॲरिझोनातल्या १५ टीमची 'कॅक्टस लीग' आणि फ्लोरिडातल्या १५ टीमची 'ग्रेपफ्रूट लीग'. फेब्रुवारीच्या मध्याला आधी पिचर आणि कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) हजर होतात, बाकीचे खेळाडू काही दिवसांनी. मॅच फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालतात.

पहिल्यांदाच जाणार असाल तर ॲरिझोना सोपं. दहाच्या दहा मैदानं फिनिक्सच्या आसपास आहेत. डॉजर्स आणि व्हाइट सॉक्स ग्लेंडेलच्या कॅमलबॅक रँचवर, कब्ज मेसाच्या स्लोन पार्कवर, जायंट्स स्कॉट्सडेल स्टेडियमवर, डायमंडबॅक्स आणि रॉकीज सॉल्ट रिव्हर फील्ड्सवर, पाद्रेज आणि मरिनर्स पिओरियात. तरी एका दिवसात दोन मॅच ठरवताना नकाशा बघा. पूर्वेचं मेसा आणि पश्चिमेचं सरप्राइझ ही शहराची दोन टोकं आहेत.

फ्लोरिडात मैदानं विखुरलेली आहेत. यांकीज टॅम्पात, फिलीज क्लिअरवॉटरमध्ये, रेड सॉक्स फोर्ट मायर्समध्ये, तर मेट्स पार अटलांटिकच्या बाजूला पोर्ट सेंट लूसीत. तिथे एक भाग निवडून त्यातल्याच टीम बघणं शहाणपणाचं. ब्रॅडन्टनला पिट्सबर्ग पायरेट्सचा मुक्काम असतो. भारतातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग (आपला क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, यांच्याशी २००८ साली पिचर म्हणून करार केला तो याच टीमने.

भारतातून स्ट्रीमवर बघणाऱ्यांनी घड्याळ नीट लावावं. बऱ्याच मॅच स्थानिक वेळेनुसार दुपारी १:०५ ला सुरू होतात. ॲरिझोनातली अशी मॅच भारतात रात्री १:३५ ला लागते. फ्लोरिडातली मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत रात्री ११:३५ ला, आणि त्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली की १०:३५ ला. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, त्यामुळे तिथली वेळ महिनाभर तीच राहते. कॅलिफोर्नियातून गाडीने येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा : त्या रविवारच्या आधी ॲरिझोना तुमच्या तासभर पुढे असतं, नंतर दोन्हीकडे एकच वेळ.

२. सोबत काय हवं

- फोनमध्ये तिकीट. कागदी तिकिटाचे दिवस गेले, तिकीट एमएलबीच्या बॉलपार्क ॲपमध्ये असतं. गेटवर नेटवर्कची रडारड नको, म्हणून घरूनच उघडून ठेवा.
- क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. बऱ्याच मैदानांवर रोख घेतच नाहीत.
- फोटो असलेलं ओळखपत्र. बिअर घ्यायची असेल तर वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा लागतो.
- बॅगेचे नियम मैदानागणिक वेगळे. काही ठिकाणी फक्त पारदर्शक बॅग चालते. आदल्या दिवशी त्या मैदानाच्या साइटवर बघून घ्या.
- टोपी, सनस्क्रीन, पाणी. मार्चमधलं ॲरिझोनाचं दुपारचं ऊन कोरडं असतं, घाम जाणवत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं.
- आउटफिल्डमागच्या गवताच्या उतारावरचं तिकीट घेतलंत तर जुनी चादर किंवा चटई. मुलं बरोबर असतील तर हीच जागा उत्तम. पण पिचर बघायला आला असाल तर इथे बसू नका.
- छोटी वही आणि पेन. याचं कारण पुढे येईलच.
- एमएलबी ॲपमधला गेमडे हा भाग. प्रत्येक चेंडूची नोंद तिथे दिसते.

आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट सहसा स्वस्त मिळतं. डॉजर्स किंवा कब्ज खेळत असतील तर गर्दीही जास्त आणि दरही चढे.

३. तो कुठल्या पायरीवर आहे ते समजून घ्या

कोपरातला आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला की पूर्वी पिचरचं करिअर संपायचं. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. यश मिळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे आहेत. या ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. बातमीत 'टॉमी जॉन' वाचलंत की पुनरागमनाला साधारण १२ ते १८ महिने धरून चाला.

या काळात पायऱ्या अशा असतात. ऑपरेशननंतर काही महिने चेंडूला हातच लावायचा नाही. मग सपाट जमिनीवरून हलके थ्रो, अंतर हळूहळू वाढवत १२० फूट किंवा त्याहून पुढे. मग माउंडवरून (पिचर टाकतो त्या मातीच्या उंचवट्यावरून) बुलपेन सेशन, म्हणजे बाजूच्या सरावाच्या जागेत फक्त कॅचरला टाकणं. सुरुवातीला फक्त फास्टबॉल, नंतर चेंजअप (फसवा, हळू चेंडू) आणि शेवटी स्लायडर-कर्व्ह (वळणारे चेंडू). त्यानंतर आपल्याच टीमच्या बॅटरना टाकायचं, त्याला लाइव्ह बीपी म्हणतात. त्यापुढची पायरी सिम्युलेटेड गेम. त्यात पिचर मुद्दाम इनिंगनंतर बाकावर बसतो आणि पुन्हा उठून टाकतो, कारण गार झालेला हात पुन्हा तापवणं हाच मोठा ताण असतो. या सगळ्यानंतर खरी मॅच.

जसप्रीत बुमराहच्या पाठीचं ऑपरेशन मार्च २०२३ मध्ये झालं. ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध टी-२०त चार ओव्हर, मग वनडे, आणि डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत कसोटी, अशा चढत्या क्रमाने त्याला आणलं गेलं. पिचरचंही गणित तेच. स्प्रिंगमधली पहिली मॅच एक इनिंग, १५ ते २० चेंडू. पुढची दोन इनिंग, ३० ते ३५. मग तीन इनिंग, ४५ ते ५०. असं करत मार्चअखेर स्टार्टरला ७५ ते ९० चेंडूंपर्यंत न्यायचं. मध्ये सहसा चार-पाच दिवसांची विश्रांती.

त्यामुळे तो 'एकच इनिंग' टाकून गेला म्हणून हळहळू नका, ठरलेलंच तेवढं असतं.

इथे एक सापळा आहे. माणूस स्प्रिंगच्या वेळापत्रकात बसला नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, असं लोक समजतात. डॉजर्सचा शोहेइ ओहतानी पिचिंगही करतो आणि बॅटिंगही. त्याच्या कोपराचं दुसरं ऑपरेशन सप्टेंबर २०२३ मध्ये झालं. २०२४ मध्ये त्याने फक्त बॅटिंग केली. २०२५ च्या स्प्रिंगमध्येही मॅचमध्ये पिचिंग केलं नाही. सीझन चालू असताना त्याने बॅटरना टाकायला सुरुवात केली आणि १६ जून २०२५ ला पाद्रेजविरुद्ध एक इनिंग टाकली. सरावासाठी त्याला मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या लीगमध्ये) पाठवायचं तर टीमला त्याच्या बॅटिंगला मुकावं लागलं असतं. म्हणून डॉजर्सनी मेजर लीगच्या मॅचमध्येच त्याची एकेक इनिंग वाढवत नेली. १७ ऑक्टोबरला प्लेऑफमध्ये त्याने सहा इनिंगमध्ये एकही रन न देता दहा स्ट्राइकआउट केले, आणि त्याच मॅचमध्ये तीन होमरनही मारले.

४. तो कधी आणि कुठे टाकणार ते शोधा

आधी टीमने जाहीर केलेल्या संभाव्य पिचरांची यादी बघा. ती एक-दोन दिवस आधी येते आणि बदलू शकते, म्हणून एका पिचरसाठी महिनाभर आधी तिकीट काढू नका. टीमच्या बातम्या देणारे पत्रकार रोज सकाळी 'आज कोण बुलपेन टाकतोय, कोण लाइव्ह बीपी' हे लिहितात. त्याची मागची तारीख वहीत लिहा आणि पाच दिवस पुढे मोजा, अंदाज बहुधा जुळतो.

वेळापत्रकात टीमच्या नावापुढे 'स्प्लिट स्क्वॉड' लिहिलं असेल तर सावध व्हा. त्या दिवशी टीम दोन तुकड्यांत वाटून दोन ठिकाणी खेळते आणि तुमचा पिचर दुसऱ्या तुकडीत असू शकतो. बाहेरगावच्या मॅचला मोठी नावं कमी जातात, त्यामुळे त्याच्या टीमच्या घरच्या मैदानावरची मॅच निवडा.

कधी कधी परतणारा पिचर मुख्य मैदानावर येतच नाही. स्टेडियमच्या मागे टीमची सरावाची मैदानं असतात, तिथे मायनर लीगच्या पोरांविरुद्ध तो गुपचूप दोन इनिंग टाकून जातो. तिथे नियम हवे तसे वाकवता येतात. काही ठिकाणी ही मैदानं प्रेक्षकांना सकाळी मोफत खुली असतात. स्कोअरबोर्ड नाही, गाणी नाहीत, कुंपणापाशी आठ-दहा माणसं. मला विचाराल तर पुनरागमन बघायला याहून चांगली जागा नाही.

५. मॅचच्या आधी अर्धा तास

मैदानावर लवकर पोहोचा आणि थेट बुलपेन गाठा. स्प्रिंगच्या बऱ्याच मैदानांवर बुलपेन प्रेक्षकांच्या अगदी जवळ असतं, कठड्याला टेकून उभं राहता येतं.

तिथे काय बघायचं? आधी कॅचरचा ग्लोव्ह. कॅचर ग्लोव्ह मांडतो आणि चेंडू तिथेच येतो, की त्याला हात फिरवून पकडावा लागतो? दहापैकी सहा-सात वेळा ग्लोव्ह जागचा हलत नसेल तर पिचरला आपल्या हाताचा अंदाज आला आहे. मग स्लायडर बघा. ऑपरेशननंतर वेग बहुधा आधी परततो, स्लायडर-कर्व्हची जाण मागून येते. टाकून झाल्यावर पिचर बोटांची टोकं एकमेकांवर घासतो, चेंडू फिरवून शिवणीवर बोटं पुन्हा बसवतो, कॅचरला काहीतरी विचारतो. तो ती जाण शोधत असतो. शेजारी कोच हातातल्या काउंटरवर चेंडू मोजत उभा असतो, त्या टिकटिकीकडेही लक्ष ठेवा. वॉर्मअपचे हे चेंडू स्कोअरकार्डात येत नाहीत, हाताच्या हिशेबात मात्र धरले जातात.

६. मॅच सुरू झाल्यावर

वहीत प्रत्येक चेंडूला एक खूण करा : फास्टबॉल, स्लायडर, चेंजअप, आणि शक्य असेल तर वेग. वेग बोर्डावर येतो, बऱ्याच मैदानांवर गेमडेमध्येही दिसतो. मग तीन गोष्टी तपासा.

वेग टिकतोय का? पहिल्या पाच चेंडूंना अंगात उत्साह असतो, ताशी ९७ मैल सहज दिसतात. शेवटच्या पाच चेंडूंचा वेग जास्त बोलका. एखाद मैल उतरला तर चिंता नाही. तीन-चार मैल उतरला तर खूण करून ठेवा.

चुकलेला चेंडू कुठे जातोय? प्लेटसमोर (बॅटर उभा असतो तिथे) खाली पडत असेल तर फारसं बिघडलेलं नाही, तो जोर लावून पूर्ण फॉलो-थ्रू घेतोय. उजव्या हाताच्या पिचरचे चेंडू पुन्हा पुन्हा वर आणि उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगाकडे सुटत असतील तर हात मागे राहतोय, म्हणजे बहुधा थकवा.

दुसऱ्या इनिंगला उठून आल्यावर तो कसा आहे? हीच खरी परीक्षा. पहिल्या इनिंगमध्ये झटपट तीन आउट घेतले आणि ठरलेले चेंडू उरले, तर तो मॅचमधून बाहेर पडल्यावर बुलपेनमध्ये जाऊन उरलेले टाकतो. बाकी प्रेक्षक नव्या पिचरकडे बघत असतात, तुम्ही मान वळवून बुलपेनकडे बघा.

काही नियम स्प्रिंगपुरते सैल असतात. पिचरचे चेंडू एका इनिंगमध्ये फार झाले तर त्याला मध्येच काढतात आणि पुढच्या इनिंगला पुन्हा आणतात. सीझनमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही. बरोबरीही चालते. पिच क्लॉक मात्र इथेही असतो : बेस रिकामे असताना १५ सेकंद, कोणी बेसवर असेल तर १८. दीड वर्ष मॅचपासून दूर असलेल्या पिचरला या घड्याळाशी पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. खेळाडूने मध्येच टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारला तर त्याने अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान दिलं आहे. ही पद्धत २०२५ च्या स्प्रिंगमध्ये अनेक मैदानांवर आजमावली आणि २०२६ पासून मेजर लीगमध्ये आली.

७. आकड्यांचा मोह टाळा

स्प्रिंगमधला ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या रनची सरासरी, कमी तितकी चांगली) कोणाला सांगू नका आणि कोणी सांगितला तर मनावर घेऊ नका. समोर कधी ऑलस्टार असतो, कधी डबल-ए मधला, म्हणजे मायनर लीगमधला, पोरगा. पिचर एखादी इनिंग मुद्दाम चेंजअपवरच काढतो, कारण त्याला तोच तपासायचा असतो, आणि त्यावर दोन होमरन बसले तरी तो समाधानाने बाहेर येतो. शिवाय ॲरिझोनाची हवा कोरडी आणि विरळ. मारलेला चेंडू लांब जातो, कर्व्ह कमी वळतो.

चांगल्या खुणांनीही फसायला होतं. मायॅमीचा सँडी अल्कांताराला २०२२ चा साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) एकमताने मिळाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये टॉमी जॉन झालं, आणि २०२५ च्या स्प्रिंगमध्ये तो जोरदार वेगाने टाकत परतला. तरी त्या सीझनचा त्याचा ईआरए पाचच्या वर गेला. वेग आला होता, चेंडू हव्या त्या जागी टाकण्याचं कसब यायला महिने लागले. उलट उदाहरण जस्टिन व्हर्लँडरचं. सप्टेंबर २०२० मध्ये ऑपरेशन, २०२१ पूर्ण बाहेर, आणि २०२२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, १.७५ चा ईआरए आणि साय यंग. एकच ऑपरेशन, दोन माणसं, दोन वाटा. म्हणून मार्चमध्ये कोणाचंही भाकीत करू नका.

८. थांबून बघावं अशी चिन्हं

पिचर टाकल्यावर हात झटकतो, कोपर किंवा दंडाची आतली बाजू दाबतो, दोन चेंडूंमध्ये उगाच माउंडच्या मागे फेरी मारतो. कॅचर डगआउटकडे नजर टाकतो. कोचबरोबर ट्रेनर (दुखापती बघणारा) बाहेर येतो. कोच एकटा आला तर डावपेच असू शकतात, ट्रेनर बरोबर असेल तर विषय शरीराचा आहे.

टॅम्पा बेचा शेन मॅक्लॅनहन टॉमी जॉननंतर २०२५ च्या स्प्रिंगमध्ये परतला होता आणि सीझनच्या पहिल्या दिवसाची मॅच त्याच्याच हाती जाणार होती. स्प्रिंगच्या शेवटच्या टप्प्यात एका मॅचमध्ये एक चेंडू टाकल्यावर दंडाच्या मागच्या बाजूला कळ आली, आणि नसेच्या त्या दुखण्याने त्याचा तोही सीझन गेला. अशा वेळी स्टँडमधून आरडाओरडा करू नका, त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नका. त्याची दोन वर्षांची मेहनत तिथे उभी असते.

९. मॅच संपली, काम संपलं नाही

पिचर मॅचमधून बाहेर पडल्यावर वार्ताहर त्याच्याशी बोलतात, आणि तो जवळपास नेहमी 'छान वाटलं' म्हणतो. त्याने मन भरून घेऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय येतं ते बघा. ठरल्याप्रमाणे मधलं बुलपेन सेशन टाकलं का? पुढची तारीख जाहीर झाली का? मॅनेजर 'एक दिवस जास्त विश्रांती देतोय' म्हणाला तर तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही, पण तारीखच सांगायची टाळत असेल तर वहीत लिहून ठेवा.

मार्चअखेर स्टार्टरचा हात ७५ चेंडूंच्या आसपास पोहोचला नसेल तर टीम बहुधा त्याला इंज्युर्ड लिस्टवर (दुखापतग्रस्तांच्या यादीत) ठेवते. पिचरसाठी ही यादी किमान १५ दिवसांची असते, लांबच्या दुखण्यासाठी ६० दिवसांची. तिथून तो मायनर लीगमध्ये रीहॅबसाठी जातो, पिचरला त्यासाठी ३० दिवसांपर्यंत मुभा असते. म्हणजे तुमच्या गावाजवळ मायनर लीगची टीम असेल तर एप्रिलमध्ये तिचं वेळापत्रक उघडा. त्याच्या शेवटच्या स्प्रिंग मॅचपासून पाच दिवस मोजा आणि त्या संध्याकाळचं तिकीट बघून ठेवा.